मुलीच्या डिप्रेशनसाठी मेंदूचा एमआरआय करावा का?

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत, इथेच इंदूरला. चार महिन्यांपासून गप्प असते, रात्री दोन-तीनपर्यंत जागी, मार्क घसरलेत, कथक सोडून दिलंय. वहीच्या मागच्या पानावर तिच्या अक्षरात ‘मी नसले तर सगळ्यांचं सोपं होईल’ असं वाक्य तुम्हाला सापडलं. त्याच सुमारास पुण्याच्या नणंदबाईंनी एक बातमी पाठवली, की किशोरवयीन मुलींच्या मेंदूच्या स्कॅनवरून डिप्रेशन आणि आत्महत्येचा धोका ओळखता येतो. शहरातल्या एका सेंटरने ‘ब्रेन मॅपिंग’चं पॅकेजही सांगितलं. तर स्कॅन करावा का, नॉर्मल आला तर निर्धास्त राहावं का, तुम्हाला बाळंतपणानंतर झालेलं डिप्रेशन तिच्यात उतरलं का, आणि घरात आजींना हे सांगावं का, हे तुमचे मुख्य चार प्रश्न.

उत्तर आधी देते, कारणं मागून. डिप्रेशन आहे की नाही किंवा धोका किती आहे हे कळावं म्हणून एमआरआय करू नका. केलाच आणि नॉर्मल आला, तरी त्यावर विसंबू नका. वहीतल्या त्या वाक्याबद्दल मात्र आजच तिच्याशी बोला. हे उत्तर अर्धवट ठेवून उठलात तरी चालेल. बोलताना तिने मरण्याचा विचार पक्का असल्याचं, कसं आणि केव्हा हे ठरवल्याचं सांगितलं, तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्र असेल तर इथल्या सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. तिथे मुलगीही बोलू शकते, तुम्हीही.

मी तुमच्या मुलीला पाहिलेलं नाही. तिला डिप्रेशन आहे, की शाळेत कुणी छळतंय, की थायरॉईड बिघडलंय, की या सगळ्याचं थोडंथोडं आहे, हे इथे बसून मी ठरवणार नाही. त्यामुळे तिच्या निदानापेक्षा तुमच्या पुढ्यात आलेल्या त्या बातमीबद्दल जास्त बोलते.

बातमी खोटी नसते, पण ती अर्धीच सांगितलेली असते. या विषयावर खरोखर चांगलं संशोधन झालंय, आणि त्यातलं काही थेट तुमच्या घराशी जुळतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे इयन गॉटलिब यांच्या गटाने २०१० साली १० ते १४ वर्षांच्या मुली निवडल्या. काहींच्या आयांना वारंवार डिप्रेशन झालेलं होतं, पण मुलींना स्वतःला तोवर काहीच झालेलं नव्हतं. एफएमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांना बक्षीस मिळवायचा साधा खेळ दिला. एफएमआरआय म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागला, हे तिथल्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून टिपणं. बक्षिसाची चाहूल लागली की मेंदूच्या खोल भागातलं स्ट्रायटम नावाचं केंद्र जागं होतं. डिप्रेशन झालेल्या आयांच्या मुलींमध्ये ते कमी जागं होत होतं, तेही आजार व्हायच्या आधी.

याचा अर्थ दवाखान्यात रोज दिसतो. आया सांगतात, ‘हिला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मैत्रिणींबरोबर जायला आवडायचं, आता हात धरून नेलं तरी येत नाही’, आणि पाठोपाठ म्हणतात, ‘हट्टी झालीय.’ तो हट्ट नसतो. तिला आनंदाची चाहूलच लागत नाही, मग ती कशाला उठेल? हे संशोधन मला इथे उपयोगी पडतं. आई-वडिलांना ‘नखरे करत नाहीये ती’ असं सांगताना माझ्या शब्दांमागे काहीतरी ठोस असतं.

मुलीच का, हेही तुम्ही विचारलंय. वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात डिप्रेशनचं प्रमाण जवळपास सारखं असतं. पाळी सुरू होण्याच्या वयापासून ते मुलींमध्ये वाढत जाऊन सुमारे दुप्पट होतं. हार्मोन हे एक कारण, पण तेवढंच नाही. भावनांची केंद्रं या वयात जोरात असतात, आणि त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो. मुली दुःख मैत्रिणींशी पुन्हा पुन्हा घोळून बोलतात. त्याने मैत्री घट्ट होते, पण डिप्रेशनची लक्षणंही वाढतात. मुलग्यांमध्ये तसं दिसलं नाही, असं अमांडा रोज या संशोधिकेला आढळलं. त्यावर आपल्याकडचं ओझं वेगळंच: येण्याजाण्यावर बंधनं, दिसण्यावरून टोमणे, भंवरकुआंच्या कोचिंगच्या रांगा. भारतात १५ वर्षांवरच्या ज्या स्त्रियांचा आत्महत्येने मृत्यू होतो, त्यांपैकी सुमारे ५६ टक्के १५ ते २९ वयाच्या असतात, असं २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात होतं. म्हणून तुम्ही घाबरलात ते बरोबरच आहे. पण घाबरून स्कॅन सेंटरकडे धाव घेऊ नका.

कारण हे सगळे निष्कर्ष गटांचे आहेत. शंभर मुली इकडे आणि शंभर तिकडे घेतल्या, तर सरासरीत फरक दिसतो. पण एकटी तुमची मुलगी समोर आली, तर ती कुठल्या गटातली हे तिच्या मेंदूच्या चित्रावरून सांगता येत नाही. इंदूरच्या मुलींची सरासरी उंची ग्वाल्हेरपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त निघाली असं समजा. म्हणून कुणा एकीची उंची मोजून ती कुठल्या गावची हे सांगता येईल का? २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी डिप्रेशन असलेली आणि नसलेली अशी मिळून १,८०९ प्रौढ माणसं अनेक प्रकारच्या स्कॅनमधून तपासली. दोन्ही गटांचे आकडे ८७ ते ९५ टक्के एकमेकांवर चढलेले निघाले. एकेका माणसाचं निदान मेंदूवरून ओळखायला गेले, तर ५४ ते ५६ टक्के वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं तर ५० टक्के येतं, ताई.

आत्महत्येच्या धोक्याचं त्याहून अवघड आहे. २०१७ साली मार्सेल जस्ट, डेव्हिड ब्रेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध जगभर गाजला होता. आत्महत्येचे विचार येणारे १७ तरुण आणि तसे विचार नसलेले १७ तरुण यांना मशीनमध्ये ‘मृत्यू’, ‘क्रूरता’, ‘स्तुती’ असे शब्द दाखवले. संगणकाने दोन्ही गट ९१ टक्के अचूक वेगळे केले असं जाहीर झालं. तुमच्या नणंदबाईंकडे आलेल्या बातमीचं मूळ बहुधा याच जातीचं असावं. पुढे इतर संशोधकांनी त्या विश्लेषणावर बोट ठेवलं. ज्या माहितीवरून पद्धत बेतली, तिच्यावरच तिची परीक्षा घेतली गेली, असा आक्षेप होता. २०२३ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. गाजलेली बातमी सगळ्यांच्या फोनमध्ये राहिली आणि मागे घेतल्याची कुणी फॉरवर्ड केली नाही, हे ओघानं आलंच.

समजा उद्या खरंच ९० टक्के अचूक मशीन आलं. तरीही गणित बघा. डिप्रेशन असलेल्या हजार मुली घेतल्या आणि येत्या काही महिन्यांत त्यांतल्या दहा जणी जिवाचं काही करू पाहतील असं धरलं (हा आकडा फक्त उदाहरणाला). मशीन दहापैकी नऊ पकडेल. पण उरलेल्या ९९० पैकी ९९ जणींवरही तांबडा शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या १०८ मुलींपैकी ९९ चुकीच्या, आणि जी एक खरी सुटली तिच्या घरी ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून सगळे शांत झोपलेले. मला त्या सुटलेल्या एकीची जास्त भीती वाटते. २०१७ मध्येच पन्नास वर्षांच्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. धोक्याचं भाकीत करण्यात आपण केवळ नशिबाच्या भरवशापेक्षा किंचितच पुढे आहोत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात फक्त स्कॅन नाही, आम्हा डॉक्टरांच्या प्रश्नावल्याही आल्या. म्हणून आम्ही भाकीत करत बसत नाही. आज काय चाललंय ते विचारतो, आणि पुन्हा आठवड्याने विचारतो.

मग संशोधन फुकट गेलं का? तसं नाही. लियान श्माल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आत्महत्येचे विचार आणि मेंदूचे स्कॅन यांवरचे दोन दशकांचे १३१ अभ्यास एकत्र तपासले. मेंदूतल्या कपाळामागच्या खालच्या भागाची जाळी (एकमेकांशी जोडलेली केंद्रं) बिघडली की नकोशा भावना अंगावर येतात आणि सुखाच्या भावना पुसट होतात, वरच्या आणि बाजूच्या भागांची बिघडली की अडचणीतून वाट काढणं आणि मनातल्या ऊर्मीला थांबवणं जड जातं, असं चित्र त्यातून उभं राहतं. मला यात उपचाराची दिशा दिसते. समुपदेशनात आम्ही मुलीला भावनेची लाट ओसरेपर्यंत थांबायला शिकवतो, तिच्या दिवसात छोटी सुखं मुद्दाम पेरतो. ते याच जाळ्यांना हात घालणं आहे. संशोधनाचं काम कारण उलगडायचं. ते तुमच्या मुलीची तपासणी होऊन आलेलं नाही, एवढंच.

अमेरिकेत एबीसीडी नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. ९-१० वर्षांच्या ११,८०० च्या आसपास मुलांपासून तो सुरू झाला. मेंदूचे स्कॅन आहेतच, पण मला त्यातलं दुसरंच एक वाक्य भिंतीवर लावावंसं वाटतं. ज्या मुलांनी आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न स्वतः सांगितले, त्यांच्यापैकी ७५ टक्क्यांहून अधिक मुलांच्या पालकांना त्याचा पत्ताच नव्हता. आणि घरातली भांडणं जास्त असणं आणि पालकांचं लक्ष कमी असणं, यांचा या विचारांशी संबंध दिसला. तुम्हाला वही सापडली. म्हणजे त्या ७५ टक्क्यांतून तुम्ही बाहेर पडलात. जे मशीनकडून हवं होतं, त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आधीच आलंय.

एमआरआय मी कधीच सांगत नाही असं मात्र नाही. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलट्या, फिट येणं, हातापायात कमजोरी, दृष्टीत फरक, किंवा चांगली मुलगी काही दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागली, विचित्र हालचाली करू लागली, तर मी न्यूरॉलॉजिस्टला फोन करते आणि स्कॅनही करवते. मेंदूला सूज आणणारा एक ऑटोइम्यून आजार तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो आणि सुरुवातीला तो मानसिक आजारासारखाच भासतो. तुम्ही लिहिलेल्यात असं काही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ या साध्या रक्ततपासण्या मात्र करून घ्या. त्यांचा खर्च पॅकेजच्या मानाने किरकोळ असतो आणि निघालेल्या दोषावर लगेच उपाय असतो.

‘ब्रेन मॅपिंग’ हे बहुतेक ठिकाणी संगणकाने रंगवलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख असतो. लाल-निळी चित्रं छान दिसतात, पण त्यावरून डिप्रेशनचं निदान करण्याला किंवा औषध निवडण्याला मान्यताप्राप्त आधार नाही. स्पेक्ट स्कॅन कुणी सुचवला तर त्यात किरणोत्सर्गी औषध टोचतात, तेही विनाकारण. साध्या एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, पण भलतंच काही सापडायची शक्यता असते. कुठे सायनस जाड, कुठे छोटी निरुपद्रवी गाठ. मग घरातलं सगळं लक्ष त्या गाठीकडे जातं आणि मुलगी बाजूला राहते. असं झालेली घरं मी पाहिली आहेत.

आता आनुवंशिकता. तुमच्या आजारामुळे तिचा धोका वाढतो, हे खरं आहे. पण धोका वाढतो म्हणजे आजार ठरलेला नसतो. डिप्रेशन झालेल्या पुष्कळ आयांच्या मुली ठणठणीत वाढतात. यात तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी दुसऱ्या आयांकडे नसते. आतून काय वाटतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘मलाही तू झाल्यावर असं झालं होतं, आणि मी बरी झाले’ हे तिला सांगा. आणि तुमचं स्वतःचं मन सध्या कसं आहे, हेही डॉक्टरांना सांगा. आईचं डिप्रेशन उतरलं की मुलांनाही बरं वाटतं, हे वारंवार दिसलंय.

बोलायचं कसं? वही पुढे ठेवून ‘हे काय आहे?’ असं नको. स्कूटीवरून येताना, पोळ्या लाटताना, एकमेकींकडे बघायची सक्ती नसेल तेव्हा या वयाच्या मुली जास्त बोलतात. ‘वही चाळताना तुझं एक वाक्य दिसलं. मी रागावलेले नाही. तुला जगू नये असं वाटतं का गं?’ असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती जवळजवळ सगळ्या पालकांना असते. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर हेच पारखून पाहिलं. विचारल्याने कुणाचं बिघडलं नाही. आधीच त्रासात असलेल्यांचा त्रास थोडा कमीच झाला. तिने ‘हो’ म्हटलं तर शपथा घालू नका, रडून तिला अपराधी करू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा आणि पुढचं ऐका. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाली तर तसं वचन देऊ नका. डॉक्टरांना सांगावं लागेल हे तिला तेव्हाच सांगा.

उपचारांबद्दल थोडक्यात. मध्यम ते तीव्र डिप्रेशनमध्ये बोलण्याचे उपचार आणि औषध दोन्ही मिळून सगळ्यात चांगलं काम करतात. २००४ मध्ये १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलामुलींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, फक्त फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनचं औषध घेणाऱ्यांपैकी जवळपास ६१ टक्के, आणि औषध समजून नुसती साखरेची गोळी खाणाऱ्यांपैकी ३५ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने डिप्रेशनच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा वर्तन औषध घेणाऱ्यांत ४ टक्के आणि न घेणाऱ्यांत २ टक्के दिसलं होतं. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. यावरून मी औषध टाळत नाही, सुरुवातीचे काही आठवडे मात्र दर आठवड्याला भेटायला बोलावते. तुमच्या मुलीला औषध लागेल की नुसत्या बोलण्यावर भागेल, हे तिला पाहणाऱ्यानेच ठरवावं. पोलिसांच्या भानगडीची धास्ती काही घरांत असते, तर तेही सांगते: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतात आणि तिला शिक्षा होत नाही. या भीतीने दवाखाना लांबवू नका.

दहावीचं वर्ष जाईल का, हा प्रश्न मिस्टरांचा दिसतोय. कदाचित जाणार नाही. उपचार सुरू झाले की काही आठवड्यांत झोप आणि एकाग्रता थोडी तरी सुधारलेली दिसते. शाळेशी बोलून कोचिंगचा एखादा विषय कमी करता येतो. पण दोन्हींत निवडायची वेळ आली तर वर्ष सोडा. असं वर्ष सोडून पुढे डेंटल, इंजिनीअरिंगला गेलेल्या मुली माझ्याकडे आहेत.

आणि आजी. तुम्ही लिहिलंय की त्या ‘आमच्या वेळी असले आजार नव्हते’ म्हणतात, म्हणून सांगायचं टाळताय. सगळं नका सांगू, वहीतलं वाक्य तर नकोच. ते मुलीचं खासगी आहे. पण आजींच्या बीपी, शुगर आणि झोपेच्या गोळ्या त्यांच्या उशाशी उघड्या डब्यात असतात, असं तुमच्याच मजकुरात आहे. त्या आजपासून कुलपात गेल्या पाहिजेत, एका वेळी एका दिवसाच्याच बाहेर काढायच्या, आणि घरात जपून ठेवलेल्या जुन्या औषधांच्या पट्ट्याही काढून टाकायच्या. हे आजींना न सांगता होणार नाही. ‘नातीची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं कपाटात ठेवायला सांगितलीत’ एवढं पुरे. किल्ली तुमच्याकडे ठेवा. त्या विचारतील की कुठल्या डॉक्टरांनी, तेव्हा माझं नाव सांगा.